दुसरं कधी?

आमच्या बँडमधल्या आजोबांनी कवळी बसवून घेतली आणि माझ्यापुढे दुसऱ्या क्लॅरिनेटचा प्रश्न उभा राहिला.

वसईत बँडचं कुणाला अप्रूप नाही. गावच्या संताचा सण असो की लग्नाची वरात, ट्रम्पेटनं कान फुंकल्याखेरीज इथे काही घडल्यासारखं वाटतच नाही. पण ते धंदेवाईक बँड. आमचा हौशी, म्हणजे पैसे मिळत नाहीत आणि मागायची हिंमतही होत नाही. एकूण बावीस माणसं. केळीच्या वाड्या असलेले चौघे, दोन निवृत्त पोस्टमन, गणिताचे एक शिक्षक, ट्रॉम्बोन वाजवणारे दाताचे एक डॉक्टर, असे कोण कोण, आणि विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासणारा मी. नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेले मास्तर दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्हाला एका तालात आणायचा प्रयत्न करतात. एवढा नौदलातला माणूस, पण आमचा सराव सुरू झाला की आधाराला खुर्ची धरतो.

तर हे ७४ वर्षांचे आजोबा 'ई-फ्लॅट' वाजवायचे. ई-फ्लॅट म्हणजे छोटं क्लॅरिनेट. नेहमीचं साधारण ६६ सेंटिमीटर लांब असतं, हे ४९च्या आसपास. लांबून पाहिलं तर मोठं क्लॅरिनेट धुतल्यावर आटलंय असं वाटतं. त्या रविवारी एका वरच्या स्वरासाठी आजोबांनी जोर लावला, स्वर घेतला, वाद्य खाली आणलं आणि पाहतो तो वरची कवळी माउथपीसलाच चिकटलेली. आता ती कवळी बसवली होती आमच्याच ट्रॉम्बोनवाल्या डॉक्टरांनी. त्यांनी ट्रॉम्बोन बाजूला ठेवला, वाकून आपलं काम निरखलं आणि म्हणाले, "पकड मात्र उत्तम आहे."

आजोबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. बिनदातांचा. त्यामुळे तो नक्की काय होता हे आम्हाला दोन दिवसांनी समजलं.

छोट्या क्लॅरिनेटची खुर्ची रिकामी झाली आणि माझ्या मनात नको ते आलं.

त्यासाठी माझी बँडमधली जागा सांगावी लागेल. क्लॅरिनेटवाल्यांच्या तीन पंगती असतात. पहिल्या पंगतीला चाल मिळते, दुसरीला चालीची सावली मिळते आणि तिसरीला मिळतो 'पाँ'. मी तिसऱ्या पंगतीत. मधूनमधून, मास्तरांची मान आमच्याकडे वळली की, 'पाँ' करायचं. चार वर्षं मी हे इमानेइतबारे करतोय. मध्यंतरी तापामुळे दोन रविवार जाऊ शकलो नाही. तिसऱ्या रविवारी पोचलो तेव्हा मास्तर सगळ्यांना सांगत होते, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही खूप सुधारलात."

सुधारणा माझ्याही हातून झाली असती, पण मध्ये तो खड्डा आहे. क्लॅरिनेट हे भलतंच खोडसाळ वाद्य. बासरीत जोर लावून फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो, सा चा वरचा सा. सरळ हिशेब. क्लॅरिनेटवर डाव्या अंगठ्यापाशी असलेली कळ दाबली की सा चा होतो थेट वरच्या सप्तकातला पंचम. आपल्या घराचा जिना चढून जावं आणि शेजाऱ्याच्या गच्चीवर निघावं, तसं. त्यामुळे खालच्या मजल्यावर शिकलेली बोटं वरच्या मजल्यावर उपयोगाची नाहीत. आणि दोन मजल्यांच्या मध्ये तो खड्डा. 'ए' वाजवताना जवळजवळ सगळी बोटं हवेत असतात. त्याच्या पुढच्याच 'बी'साठी आठ बोटं एकदम, एकाच क्षणी, भोकांवर आणि कळांवर बसावी लागतात. एखादं केसभर सरकलं की विरार लोकलनं अचानक ब्रेक मारल्यासारखा आवाज येतो.

न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७००च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेव्हा त्याला कळा होत्या दोन. माझ्या वाद्याला सतरा आहेत. तीनशे वर्षं, सतरा कळा, आणि खड्डा आहे तिथेच. खड्डे बुजवायचं काम फक्त आपल्याकडेच रखडतं असं समजायचं कारण नाही.

चिमाजी अप्पांनी १७३९ साली तीन महिन्यांच्या वेढ्यात वसईचा किल्ला घेतला. त्याच वसईत बसून मला चार वर्षांत एक 'बी' घेता आलेला नाही. ('ए'पर्यंतचा मुलूख मात्र आपल्या ताब्यात आहे.)

आणि नेमक्या याच सुमाराला मला छोटं क्लॅरिनेट दिसू लागलं. स्वप्नातही. योगायोग, दुसरं काय.

रविवारी सराव संपल्यावर मी मास्तरांना गाठलं.

"सर, एक विचारू? माणसानं दुसरं क्लॅरिनेट कधी घ्यावं?"

मास्तर पेटी बंद करत होते. वर न बघता म्हणाले, "पहिलं रडायचं थांबलं की."

"म्हणजे साधारण किती वर्षांनी?"

"ते आईबापांवर असतं."

मग जरा मऊ होऊन त्यांनी समजावलं. छोट्या क्लॅरिनेटवर बोटं तीच, लिहिलेले स्वर तेच, पण आवाज निराळा. मोठ्यावर कागदावरचा पहिला स्वर वाजवला की पेटीची काळी पाच बोलते. छोट्यावर तोच स्वर, तीच बोटं, आणि बोलते काळी दोन. मोठ्याचा मध्यम तो छोट्याचा षड्ज. शिवाय छोटं म्हणजे भिंग आहे. मोठ्यावर ओठ जरा सैल पडला तर चालून जातं, छोट्यावर तीच चूक गावभर होते. "मोठ्यात झाकलेलं सगळं छोटं उघडं करतं," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी शर्टाची बटणं तपासली.

"हे बघ," ते म्हणाले, "परीक्षा सोपी आहे. मोठ्यावर 'ए'वरून 'बी'वर जायचं. न चिरकता. सलग दहा वेळा. मध्ये एकदा चिरकलं की परत एकपासून. दहा झाले की ये, ई-फ्लॅट स्वतः आणून देतो."

दहा! मी दुसऱ्या मतासाठी बाहेर पडलो. आपल्याकडे डॉक्टरनं पथ्य सांगितलं की दुसरा डॉक्टर शोधतातच.

पुण्यातल्या एका मित्राला लोकलमधून फोन लावला. तो क्लॅरिनेट चांगलं वाजवतो आणि त्याच्याकडे तीन आहेत. विरार फास्टमध्ये, अंधेरी ते बोरिवली, चौथ्या सीटवर अर्धा बसून मी विचारत होतो, "पहिलं आता चार वर्षांचं झालं रे. म्हटलं दुसऱ्याचा विचार करावा. लहान हवंय… नाही, ही तयार नाही, ती म्हणते एकच पुरे… हो, पहिलं अजून रात्री ओरडतं, शेजारी तक्रार करतात… छे छे, नवीनच पाहिजे असं काही नाही, कुणी वापरलेलं देत असेल तर तेही बघू."

फोन ठेवला तेव्हा मला आख्खी सीट मोकळी मिळाली होती. विरार फास्टमध्ये! समोरचे गृहस्थ उठून दारात जाऊन उभे राहिले आणि वसई येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

मित्रानं सांगितलं ते असं, की बँडला गरज पडली आणि दुसरं कुणी नसलं की छोटं घ्यावं, हौस म्हणून घेऊ नये. मी त्यातलं 'घ्यावं' एवढं लक्षात ठेवलं.

घरी विषय काढायची वेळ मी फार विचार करून निवडली, रविवारी जेवणानंतर. बायको बडीशेप चघळत होती.

"सिंफनी ऑर्केस्ट्रातले क्लॅरिनेटवाले नेहमी दोन वाद्यं घेऊन बसतात, माहितेय?" मी म्हणालो. हे खरं आहे. एक काळी पाचाचं आणि एक त्याहून अर्धा स्वर उतरलेलं, पांढरी सहाचं. मोझार्टनं १७९१ साली आपला क्लॅरिनेट कॉन्चेर्तो लिहिला तो त्या दुसऱ्या जातीसाठी.

"ते वाजवतातही ना पण?" ती म्हणाली.

"माझ्याकडे एक आहे. दुसरं असलं तर सराव वाढेल."

यावर ती काही बोलली नाही. उठून तिनं आतल्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीला आमच्याकडे संग्रहालय म्हणतात. २०११चा सिंथेसायझर, तो घेतला कारण पेटीचा भाता हलवून माझा हात दुखायचा. २०१६ची ट्रेडमिल, ती घेतली कारण सकाळी रस्त्यावर चालायला कंटाळा यायला लागला होता. आता तिच्यावर चादरी वाळतात, आणि त्या मानानं चांगल्या वाळतात. जर्मन भाषेची चार पुस्तकं, पहिल्यातली नऊ पानं वाचलेली, बाकी तीन कोरी. लॉकडाऊनमधला बोन्साय, जो मूळचाच छोटा होता की न वाढल्यामुळे छोटा राहिला हे अजून ठरलेलं नाही.

"पोळ्या गोल येत नाहीत म्हणून कुणी दुसरं पोळपाट आणतं का?" ती म्हणाली. "तुमच्याच भाषेत सांगते. पूर्वीपासूनचा आजार आहे. क्लेम नामंजूर."

सव्वीस वर्षं मी हे वाक्य लोकांना पत्रातून लिहितोय. समोरासमोर ऐकलं की असं लागतं, हे ठाऊक नव्हतं.

सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच होत्या. त्या जावयाच्या बाजूनं बोलल्या. "घेऊ दे गं. जावईबापू, अक्षय्य तृतीयेला घ्या. त्या दिवशी घेतलेलं कधी संपत नाही." बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या लगेच म्हणाल्या, "मी सोन्याबद्दल बोलत्येय."

मुलीनं मोबाईलमध्ये डोकं घालून संशोधन केलं. "बाबा, हे वाचा. बर्लिओझ म्हणून एक फ्रेंच होता. १८३०मध्ये त्यानं एक सिंफनी लिहिली. तिच्यात त्याच्या प्रेयसीची एक चाल आहे, आधी ती अगदी गोड येते. आणि शेवटी तीच प्रेयसी चेटकिणींच्या मेळाव्यात नाचायला येते, तेव्हा ती चाल त्यानं छोट्या क्लॅरिनेटला दिली, वेडीविद्री करून. म्हणजे गोड चालीचं चेटूक करायला हे वाद्य लागतं."

"बघ! केवढं महत्त्वाचं वाद्य!"

"पण तुम्ही ते मोठ्यावरच करता की."

मी रावेलचा 'बोलेरो' काढणार होतो. १९२८चा. त्यात बासरी, मोठं क्लॅरिनेट आणि बसूननंतर चौथ्या खेपेला चाल छोट्या क्लॅरिनेटकडे येते आणि कुणी चेटकीण वगैरे येत नाही. पण घरातली सभा तोवर उठली होती.

पाठिंबा मिळाला तो अगदी अनपेक्षित दिशेनं, सोसायटीकडून. मी छोटं वाद्य घ्यायच्या विचारात आहे ही बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे काका स्वतः खाली आले. चार वर्षांत पहिल्यांदा तक्रारीशिवाय.

"छोटं घेताय म्हणे?"

"विचार आहे."

"अहो, विचार कसला करता? घ्या! किती छोटं आहे?"

मी हातानं दाखवलं. काकांचे डोळे पाणावले. "एवढंच? वा! म्हणजे आवाजही तेवढाच असणार." सेक्रेटरींनी मला गेटवर थांबवून अभिनंदन केलं आणि काही आर्थिक अडचण असली तर सांगा, असंही सुचवलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी त्याहूनही छोटं येतं का, याची चौकशी केली. इतक्या आनंदी लोकांना खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. नळी जितकी आखूड तितका आवाज चढा, हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. परीक्षेनंतर विसरण्याचा हक्कही सगळ्यांना असतो.

दरम्यान बँडला एका लग्नाचं आमंत्रण आलं. नवरी आमच्याच एका वाडीवाल्याची पुतणी. तीन आठवड्यांवर लग्न, आणि नवरी हॉलमध्ये शिरते त्या चालीत छोट्या क्लॅरिनेटला चार ओळी एकट्याला. मास्तरांनी तिन्ही पंगतींवर नजर फिरवली. पहिल्या पंगतीतला माणूस काढला तर चाल जाते. दुसऱ्या पंगतीतला काढला तर सावली जाते. नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तू घे," मास्तर म्हणाले. "तुझी जागा रिकामी राहिली तर कळत नाही, हे आपण बघितलंय."

"पण सर, ते दहा वेळा…"

"किती झाले?"

"चार."

त्यांनी डोळे मिटले, कदाचित प्रार्थना असेल. "बँडचं वाद्य आहे. लग्नापुरतं ने. आणि ती चाल सोडून बाकीच्या चालींत आपलं मोठंच वाजव."

अशा रीतीनं ते घरी आलं. मखमलीच्या पेटीत, तान्ह्या बाळासारखं. लाकूड काळंभोर, आफ्रिकेतलं, आपल्या शिसवीचंच चुलत भावंड. पावसाळ्याचे दिवस, त्यात वसईची हवा, त्यामुळे सांधे फुगलेले. दोन भाग एकमेकांत घालायला मला पंधरा मिनिटं लागली आणि काढायला बायको लागली.

मग बोटं. छोट्यावर भोकं आणि कळा इतक्या जवळजवळ असतात की तिथे वेलची केळ्यांसारखी बोटं हवीत. माझी बोटं पडली राजेळी. एक भोक झाकायला गेलो की शेजारची कळ आपोआप दाबली जायची आणि जो स्वर मागितला तो सोडून त्याचे सगळे नातेवाईक यायचे.

रीडचा आणखी एक घोटाळा. छोट्याची रीड वेगळी, अरुंद आणि आखूड. आजोबांच्या रीड कवळीनं चावून संपल्या होत्या. मोठ्या क्लॅरिनेटची रीड बुडाकडून कापून काही लोक छोट्यावर लावतात असं ऐकलेलं होतं, म्हणून मी नखं कापायचं यंत्र घेऊन बसलो. पाच रीड कापल्या. बोरूचीच जात ती, उभी चिरते. पाचव्या रीडनंतर माझ्याकडे छोट्यासाठी एकही नव्हती, मोठ्यासाठीही नव्हती, पण दात कोरायला वर्षभराची सोय झाली. शेवटी मास्तरांनी आपल्या पेटीतून दोन दिल्या आणि पेटी कुलूप लावून बंद केली.

पहिला स्वर मी संध्याकाळी साडेसातला लावला.

समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्यानं उत्तर दिलं. वॉचमननं कुणाची तरी गाडी चोरीला जातेय असं समजून गेट लावून घेतलं. मी ओठ आवळून आणखी दोन वेळा फुंकलं. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तीन झाल्या," आणि तिनं गॅस बंद केला. त्या रात्री आम्ही कच्ची तूरडाळ खाल्ली. वरचे काका जेवणानंतर खाली आले. त्यांच्याकडेही डाळ कच्ची राहिली होती.

"हे छोटं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. फसवलं गेल्याचं दुःख होतं.

तीन आठवडे मी चार ओळी घोटल्या. बरी गोष्ट म्हणजे त्या चार ओळींत खड्डा नव्हता, सगळं काम वरच्याच मजल्यावर होतं. वाईट गोष्ट म्हणजे छोटं सोडून मोठं हातात घेतलं की स्कूटर उतरून एसटी चालवायला बसल्यासारखं वाटायचं. ओठ एका मापाचे, फुंक दुसऱ्या मापाची. माझा तो चार वर्षांचा भरवशाचा 'पाँ'सुद्धा आता 'प्यां' येऊ लागला. पण घरात, दार लावून, चौथ्या दिवसापासून त्या चार ओळी ओळखू येत होत्या. मुलगी म्हणाली, "बरं वाटतंय." ती कानात इअरफोन घालून बोलत होती, पण तिच्या चेहऱ्यावर खोटं दिसलं नाही.

लग्नाचा दिवस. हॉल भरलेला. माझ्या एका गुडघ्यावर मोठं, दुसऱ्यावर छोटं, स्टँडवर दोन कागद. पहिली चाल मोठ्यावर: पाँ. टाळ्या. मग दारं उघडली, नवरी वडिलांचा हात धरून उंबऱ्यावर आली, मास्तरांनी हात वर केला. मी मोठं खाली ठेवलं, छोटं उचललं. कागद बदलायचा राहिला.

समोर होता तिसऱ्या पंगतीचा कागद. मास्तरांची मान माझ्याकडे वळली आणि चार वर्षांच्या सवयीनं मी कागदावर होतं ते वाजवलं.

"पीं."

बाकी सगळे गप्प, कारण इथून चार ओळी माझ्या एकट्याच्या. कागदाप्रमाणे पुढे तीन मात्रा विश्रांती. मी ती घेतली. मग पुन्हा, काळी पाचात चाललेल्या त्या मंगल प्रसंगात, काळी दोनचा तीक्ष्ण,

"पीं."

तीन मात्रा शांतता. "पीं."

मला चूक कळली होती, पण थांबायचं कुठे हे कळत नव्हतं. मध्येच थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. एका आजीबाईंनी मागे वळून मोबाईल बंद करायला सांगितलं. मधल्या वाटेत उभे राहून व्हिडिओ काढणारे पाहुणे मात्र एकदम पटापट बाजूला झाले. त्यांना वाटलं, जेवणाचा टेम्पो मागे येतोय. नवरीला हॉलच्या टोकापर्यंत लख्ख मोकळी वाट मिळाली. ती बिचारी समंजस. प्रत्येक 'पीं'ला एक पाऊल टाकत चालू लागली. चार ओळींत ती सहा पावलं आली. उरलेला हॉल तिनं मास्तरांनी घाईघाईनं सुरू केलेल्या दुसऱ्याच चालीवर पार केला.

जेवताना नवऱ्या मुलाच्या काकांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "प्रवेशाचं फार मॉडर्न होतं," ते म्हणाले. "आमच्याकडे कुणाला समजलं नाही, पण चांगलं होतं."

मास्तर मला काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या मांडीवरून छोटं क्लॅरिनेट उचललं, पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी बगलेत मारली आणि विंदालूच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जाताना फक्त हाताची दहा बोटं दाखवली. मी आधी समजलो, दहा मिनिटांत निघायचंय.

ई-फ्लॅटची खुर्ची आता गणिताच्या शिक्षकांच्या मुलाला मिळाली आहे. वय चौदा. बोटं वेलची. तो पहिल्या दिवशी आला, कागद बदलला, चार ओळी वाजवल्या आणि क्लासला जायचंय म्हणून निघून गेला. अशा मुलांचं पुढे काही होत नाही.

मी परत मोठ्याकडे वळलो. ए, बी. ए, बी. रोज संध्याकाळी आठला, दार लावून. छोट्याचा आवाज ऐकलेला असल्यामुळे या वेळी सोसायटीची काही तक्रार नव्हती. उलट तीन-चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ते मोजतायत. सकाळी दूध आणायला उतरलो तर वॉचमन म्हणाला, "साहेब, काल सहा. सातव्याला गेलं." तळमजल्यावरच्या वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घाई करता तुम्ही. पाचनंतर जरा दम घ्यावा." सेक्रेटरींच्या मते माझी उजवी करंगळी उशिरा येत होती. हे त्यांना तिसऱ्या मजल्यावरून कसं दिसलं, ठाऊक नाही, पण करंगळी उशिरा येत होती. लिफ्टमध्ये दोन कॉलेजातली मुलं मला बघून गप्प झाली. त्यांच्यात कसली तरी पैज लागली असावी.

परवा बुधवारी सात झाले. मग आठ. वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला, मालिका ऐन रंगात असताना. जिन्यात चपलांचे आवाज थांबले. मी दम घेतला, पाचनंतर घेतात तसा. ए. आठ बोटं. बी. नऊ! स्वच्छ, गोल. समोरचा कुत्रासुद्धा गप्प.

मी ओठ पुसले. माउथपीस तोंडाला लावलं. बोटं हवेत, डोळे मिटलेले, छातीत हवा भरून घेतली…

आणि शिट्टी झाली.

"दहा!" वरून काका ओरडले. जिन्यात टाळ्या पडल्या. वॉचमननं खालून आरोळी ठोकली. कुणी तरी बेल वाजवू लागलं, बहुतेक सेक्रेटरी. मी अजून फुंकलंच नव्हतं. छातीतली हवा छातीतच होती. सव्वीस वर्षं लोकांचे खोटे क्लेम पकडण्यात गेली, आणि इथे इतक्या साक्षीदारांनिशी एक चालून आला होता. मी क्लॅरिनेट तोंडाला तसंच धरून उभा राहिलो. श्वास सोडावा की नाही ते ठरेना.

स्वयंपाकघराच्या दारात बायको आली, हातात सांडशी.

"अहो, ही शेवटची तुमची का माझी? गॅस बंद करायचाय."